उठावाचा टाका शिकताना

साखळी जमली, मुका खांब जमला, खांबही जमला. घरातल्या मुलांसाठी एक-दोन जाळीच्या टोप्या झाल्या, ओढणीला किनार लागली. त्यानंतर बहुतेक भगिनींची नजर एकाच गोष्टीवर जाऊन थांबते, ती म्हणजे विणकामावर दाण्यासारखा वर आलेला टाका. उशीच्या अभ्र्यावर किंवा बाळाच्या दुलईवर तो दिसला की त्यावरून हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. "दिसतो तर कठीण, मला जमेल का?" असे अमरावती-अकोल्याकडच्या भगिनी नेहमी विचारतात.

उत्तर सरळ आहे. जमेल. ज्या हाताला साधा खांब येतो, त्याला उठावाचा टाकाही येतो. मात्र त्यासाठी मोजायची सवय लागते. आधी टाके मोजायचे आणि नंतर आपले सूत व आपला वेळ मोजायचा. पहिली मोजणी शिकवणारे घरोघरी आहेत. दुसरी सहसा कोणी शिकवत नाही, म्हणून या वेळी दोन्हींबद्दल लिहीत आहे.

उठाव येतो कसा?

उठावाच्या टाक्यांत तीन प्रकार जास्त चालतात. इंग्रजीत त्यांना पॉपकॉर्न, बॉबल आणि पफ म्हणतात. आपण त्यांना लाही, बोंड आणि फुगा म्हणू. वऱ्हाडातल्या बाईला ही नावे समजावून सांगावी लागत नाहीत.

तिन्हींमागचे तत्त्व एकच. जिथे एक टाका मावतो, तिथे चार-पाच टाके घालायचे आणि त्यांची डोकी एकत्र बांधायची. जागा कमी आणि टाके जास्त झाले की ते आडवे पसरू शकत नाहीत. मग ते वर उठतात. त्यालाच आपण उठाव म्हणतो.

फरक आहे तो बांधण्यात. लाहीत पाच खांब पूर्ण विणून घेतात आणि मग पहिल्या व शेवटच्या खांबाची गाठ घालतात. बोंडात पाचही खांब अर्धवट ठेवतात, म्हणजे प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवरच राहू देतात आणि शेवटी सगळे फास एकदम ओढून घेतात. फुग्यात खांब होतच नाही. सुईवर वेढा घेऊन त्याच घरातून लांब फास पुन्हा पुन्हा वर काढतात आणि शेवटी एकत्र बंद करतात.

नव्याने शिकणाऱ्या भगिनीने लाहीपासून सुरुवात करावी. कारण तिच्यातला प्रत्येक खांब आपल्या ओळखीचा असतो. नवीन असते ती फक्त शेवटची गाठ. बोंडात सुईवर एकाच वेळी सहा फास सांभाळावे लागतात आणि फुग्यात सगळे फास सारख्या लांबीचे काढावे लागतात. ते दोन्ही हात बसल्यावर करावेत.

साहित्य कोणते घ्यावे?

टोपीसाठी आपण जो बारीक दोरा आणि बारीक स्टीलची सुई वापरतो, ती या शिक्षणासाठी घेऊ नये. चार पदरी जाड सूत किंवा लोकर आणि ४ मिलीमीटरची सुई घ्यावी. रंग फिका असावा. काळ्या, गडद निळ्या किंवा मरून रंगात टाक्याचे डोके दिसत नाही आणि डोके दिसले नाही तर मोजणी होत नाही. रंग बदलत जाणारे सूतही सुरुवातीला नको. त्यात उठाव झाकला जातो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घामेजल्या बोटांना लोकर चिकटते, फास सुईवर सरकत नाही आणि हात आपोआप आवळला जातो. त्या दिवसांत सुती दोरा बरा. त्यातही दुकानात चमकदार आणि साधा असे दोन प्रकार मिळतात. चमकदार दोऱ्याला मर्सराइज्ड म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉन मर्सर या इंग्रज माणसाने सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली. त्यामुळे सूत मजबूत होते आणि रंग चांगला धरते, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे ही प्रक्रिया सूत ताणून धरून होऊ लागली आणि त्याला चमकही आली. अशा दोऱ्यात लाही ठसठशीत दिसते, पण तो सुईवरून पटकन निसटतो. म्हणून शिकताना साधे सूत घ्यावे आणि भेटवस्तू करताना चमकदार.

सतरा खांबांचा नमुना

एकदम अभ्रा किंवा दुलई सुरू करू नये. आधी तळहाताएवढा नमुना विणावा.

सुरुवातीला १९ साखळ्या घाला. साखळी सैल असू द्या. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब विणा. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरायचा. पुढे प्रत्येक साखळीत एक खांब. रांगेच्या शेवटी मोजा. १७ खांब झाले पाहिजेत.

दुसऱ्या रांगेसाठी काम उलटा आणि ३ साखळ्या घाला. हा पहिला खांब झाला. पुढच्या तीन घरांत एकेक खांब विणा. आता पाचव्या घरात लाही घालायची आहे.

लाही अशी होते. एकाच घरात पाच खांब विणा. शेवटच्या खांबाचा फास थोडा मोठा करून सुई त्यातून काढून घ्या. पाचपैकी पहिल्या खांबाच्या डोक्यातून सुई समोरून मागे घाला, सोडलेला फास तिच्यावर घ्या आणि डोक्यातून ओढून बाहेर काढा. लगेच एक साखळी घालून घट्ट करा. या साखळीला आपण कुलूप म्हणू. लाही पुढे उठलेली दिसेल. थोडी दबली असेल तर मागून बोटाने पुढे ढकला.

त्यानंतर तीन खांब, लाही, तीन खांब, लाही आणि शेवटी चार खांब. या रांगेत चार खांब, मधल्या तीन लाह्या आणि त्यांच्या मधले खांब धरून पुन्हा १७ घरे भरतात. लाहीत पाच खांब असले तरी मोजणीत ती एकच. नवशिक्या भगिनीने एवढे जरी पक्के ध्यानात ठेवले, तरी अर्धे काम झाले.

तिसरी रांग साध्या खांबांची. लाहीवर एकच खांब विणायचा, तिच्या कुलपात. शेवटी पुन्हा मोजा, १७.

चौथ्या रांगेत लाह्या आधीच्या लाह्यांच्या मधल्या जागेत येतात. दोन खांब, लाही, तीन खांब, लाही, तीन खांब, लाही, तीन खांब, लाही, दोन खांब. बेरीज १७. पाचवी रांग पुन्हा साधी. यापुढे दुसऱ्या ते पाचव्या रांगेचा फेर चालू ठेवायचा. लाह्या नेहमी सम रांगेतच येत असल्यामुळे त्या सगळ्या एकाच बाजूला उठतात.

वाकडे का होते?

अमरावतीच्या एका कॉलेजातली मुलगी सुट्टीत अकोल्याला तिच्या खालाकडे राहायला गेली होती. खालाने चाळीस वर्षे टोप्या विणल्या आहेत. भाचीने मोबाइलवर पाहून लाहीचा नमुना सुरू केला आणि सहाव्या रांगेपर्यंत तो सुपासारखा पसरला. शेजारच्या काकूंनी पाहून म्हटले, "माय वं, हे त एका अंगानं फुगलंच!" मुलगी सगळे उसवायला निघाली. खालाने तिचा हात धरला. "खोल मत बेटा, पहले गिन."

मोजले तर तिसऱ्या रांगेत १७ च्या जागी २० खांब होते. लाह्या तीन, वाढलेले खांबही तीन. खालाने लगेच ओळखले की भाची प्रत्येक लाहीवर दोन खांब विणत होती, एक लाहीच्या डोक्यात आणि दुसरा कुलपात. तेवढ्याच रांगेपर्यंत उसवले आणि काम सरळ झाले. खालाने स्वतः तोपर्यंत लाही कधी विणली नव्हती. तिला टाका येत नव्हता, पण मोजणे येत होते.

आणखी काही अडचणी नेहमी येतात. नमुना दर रांगेला अरुंद होत असेल, तर बहुधा शेवटचा खांब सुटतो आहे. तो आधीच्या रांगेच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर विणायचा असतो आणि तो माथा कडेला दबलेला असल्यामुळे दिसत नाही. लाही मागच्या बाजूला उठत असेल, तर सुई डोक्यातून मागून पुढे घातली गेली आहे. लाही ढिली पडून तिच्या बुडाशी भोक दिसत असेल, तर फास जास्त मोठा राहिला आहे किंवा कुलूप सैल आहे. खालची कड आवळून वरचा भाग पसरत असेल, तर सुरुवातीची साखळी घट्ट झाली आहे. पुढच्या वेळी फक्त साखळीसाठी एक नंबर मोठी सुई घ्यावी.

उसवणे हे अपयश नाही. क्रोशात एका वेळी सुईवर एकच फास असतो, त्यामुळे हवे तेवढे उसवून तिथूनच पुन्हा सुरू करता येते. दोन सुयांच्या विणकामात इतकी सोय नाही. दर रांगेच्या शेवटी मोजले, तर एका रांगेपेक्षा जास्त कधी उसवावे लागत नाही.

कुठे शोभतो, कुठे टोचतो?

उठावाचा टाका सगळीकडे चालत नाही. उशीचा अभ्रा, बाळाच्या दुलईची वरची बाजू, पर्स, चहाच्या किटलीचे झाकण, शालीची किनार, इथे तो शोभतो. टोपीत घालायचाच असेल तर वरच्या गोलाजवळ एखादी रांग घालावी. पुढच्या पट्टीवर नको. सजद्यात कपाळाखाली दाणे येतात आणि टोचतात. बाळाच्या अंगाला लागणाऱ्या आतल्या बाजूलाही लाह्या नकोत.

अशी वस्तू धुतल्यावर दोरीवर लटकवू नये. ओल्या सुताच्या वजनाने ती लांबट होते. टॉवेलवर पसरून, हाताने आकार देऊन सावलीत वाळवावी. लाह्यांवरून इस्त्री फिरवू नये. सुती असेल तर जाड टॉवेलवर पालथी ठेवून मागून हलकी वाफ द्यावी. ॲक्रिलिक लोकरीला गरम इस्त्री लागली तर तिचा उठाव कायमचा बसतो.

आता दुसरी मोजणी

आपल्या नमुन्याकडे पुन्हा एकदा पाहा. साध्या विणीत चार रांगांत १७ प्रमाणे ६८ खांब होतात. लाहीच्या फेरात काय होते? दुसऱ्या रांगेत १४ साधे खांब आणि तीन लाह्यांचे १५, म्हणजे २९. तिसऱ्या रांगेत १७. चौथ्या रांगेत १३ साधे आणि चार लाह्यांचे २०, म्हणजे ३३. पाचव्या रांगेत १७. एकूण ९६. लांबी-रुंदी जवळपास तीच, पण खांब ६८ च्या जागी ९६. म्हणजे काम सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढले. शिवाय प्रत्येक लाहीला सुई काढून पुन्हा घालण्याचा वेळ वेगळा.

घरात वापरायच्या वस्तूला हा हिशोब नसला तरी चालेल. विकायची असेल तर मात्र हवाच. वर सांगितलेल्या खालाला एका दुकानदाराने सहा अभ्र्यांचे काम देऊ केले होते. डिझाइन उठावाचे आणि दर साध्या अभ्र्याचा, कारण "साइज तर तीच आहे." वरवर पाहता बोलणे खरे वाटते.

समजा, साध्या अभ्र्याला १५० ग्रॅम सूत लागते, १०० ग्रॅमला १२० रुपये पडतात आणि १२ तास जातात. ताशी ४० रुपये धरले तर सुताचे १८० आणि मेहनतीचे ४८०, मिळून ६६० रुपये. तोच अभ्रा लाहीचा केला तर २१० ग्रॅम सूत, म्हणजे २५२ रुपये, आणि जवळपास १७ तास. ६६० रुपयांतच तो दिला तर मेहनतीचे उरतात ४०८. सतरा तासांनी भागले तर ताशी २४ रुपये. हुनर वाढला, काम अवघड झाले आणि मजुरी मात्र ४० वरून २४ वर आली. ताशी ४० टिकवायचे असतील तर त्या अभ्र्याची किंमत ९३२ रुपये होते.

खाला आणि भाची दुकानदाराकडे दोन नमुने घेऊन गेल्या, एक साधा आणि एक लाहीचा, दोन्ही एकाच मापाचे. त्याच्याच काट्यावर ठेवले. वजनातला फरक त्याने स्वतः पाहिला. शेवटी सूत त्याने द्यायचे ठरले, मजुरी थोडी वाढली आणि खालाने सहाऐवजी चारच अभ्रे घेतले. मागितले तेवढे सगळे मिळाले नाही. पण "साइज तर तीच आहे" हे वाक्य त्या दिवसापासून बंद झाले.

"फावल्या वेळातले काम"

आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या मिशनरी मंडळींनी तिथल्या बायकांना लेस विणायला शिकवली. पुढे आसपासच्या गावांत घरोघरी क्रोशा पोहोचला आणि लेस परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक तिथे राहिल्या, बायकांशी बोलल्या आणि १९८२ साली त्यांचे 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांनी पाहिले ते असे. एक बाई फक्त फुले विणते, दुसरी ती जोडते, दलाल माल गोळा करतो आणि व्यापारी तो बाहेर पाठवतो. या साखळीत पैसा वर जमतो आणि विणणारीच्या हातात सर्वांत कमी उरते. कारण सगळ्यांनी, खुद्द त्या बायकांनीही, हे "फावल्या वेळातले काम" मानले होते. बाई घरात बसून, दिवसाचे कित्येक तास विणत होती, तरी तिला कोणी कामगार म्हणत नव्हते. घराबाहेर कामाला न जाणे प्रतिष्ठेचे होते आणि त्या प्रतिष्ठेची किंमत तिच्या मजुरीतून कापली जात होती. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन मालाला मिळते. विणणाऱ्या हाताला किती मिळाले, हा हिशोब वेगळाच असतो.

आयर्लंडमध्येही असेच घडले. १८४५ नंतर तिथे बटाट्याचे पीक गेले, मोठा दुष्काळ पडला आणि अनेक घरांना क्रोशाने आधार दिला. आयरिश क्रोशातला पाकळ्यांवर पाकळ्या असलेला उठावाचा गुलाब आजही प्रसिद्ध आहे. त्या काळी तो हौसेसाठी विणला जात नव्हता, चूल पेटावी म्हणून विणला जात होता.

आपल्या वऱ्हाडातही किती घरांत हा हुनर आहे. अकोट फैलापासून अमरावतीच्या चांदनी चौकापर्यंत गल्लीगल्लीत टोप्या आणि किनारी विणणारे हात आहेत. आणि खरा क्रोशा आजही हातानेच होतो. बाजारात क्रोशासारखी जी तयार जाळी मिळते, ती बहुतेक वेळा मशीनवर विणलेली नक्कल असते. लाही तर हाताशिवाय जमतच नाही. ज्या कामाला मशीन नाही, त्याची किंमत मशीनच्या मालाच्या दराने का ठरावी?

म्हणून भगिनींनो, एक छोटी वही करा. तिच्यात प्रत्येक नमुन्याचे चार आकडे लिहा: सुईचा नंबर, टाक्यांची संख्या, ग्रॅममध्ये सूत आणि घड्याळ लावून मोजलेला वेळ. चूल, मुले, पाहुणे यांच्यामध्ये तुकड्या-तुकड्याने मिळालेली वीस-वीस मिनिटेही त्यात धरा. तो वेळ फावला नसतो, तो आपण काढलेला असतो. मुलींना टाका शिकवाल तेव्हा ही वहीही शिकवा. बचत गटातून माल देत असाल तर गटातल्या सगळ्या जणींनी एकाच पद्धतीने हिशोब मांडावा, म्हणजे एकीचा कमी दर दुसरीच्या गळ्याशी येणार नाही.

या महिन्यात तेवढा सतरा खांबांचा नमुना विणून पाहा. एक साधा, एक लाहीचा. दोन्ही काट्यावर ठेवा आणि किती फरक आला ते आम्हाला जरूर कळवा.